पाळणाघर : तळमजल्यावरचे आणि त्याआधीचे

सोसायटीची नोंदणी, प्लॉटची खरेदी, बोअरवेल, लिफ्टचा वाद आणि कन्व्हेयन्सचे रामायण हे सगळे या स्मरणिकेत इतरत्र येणारच आहे. ते ज्यांनी निस्तरले त्यांनीच लिहावे. मी विषय घेतला आहे तो ए-विंगच्या तळमजल्यावरील पाळणाघराचा. संपादक मंडळातल्या एका तरुण सदस्याने विचारले, "काका, त्याला काय इतिहास असणार?" मी म्हटले, अरे बाबा, आपल्या इमारतीला पंचवीस वर्षे झाली. त्यातली तेवीस वर्षे रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास आपल्या फाटकाशी ज्या दुचाक्या थांबतात, त्या काय दूध घ्यायला थांबतात? बाहेरच्या जळगावात आपली इमारत सोसायटीच्या नावाने कमी आणि 'ते पाळणाघर आहे ना, ती बिल्डिंग' अशीच जास्त ओळखली जाते. रिक्षावाल्याला विचारून बघा.

मी बँकेतला माणूस. खात्यात नोंद दिसली की तिच्या मागचे व्हाउचर शोधायची सवय अजून गेलेली नाही. म्हणून आधी मागे जातो, मग तळमजल्यावर येतो.

शब्दापासून सुरुवात करू. सरकारी कागदात याला 'क्रेश' म्हणतात. हा फ्रेंच शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ गव्हाण. येशूला जन्मल्यावर गव्हाणीत निजवले, त्यावरून आलेला. १८४४ साली पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो नावाच्या गृहस्थाने कामकरी बायांच्या तान्ह्या मुलांसाठी पहिले क्रेश उघडले, आणि तिथून ती कल्पना जगभर गेली. आपल्याकडे गव्हाणीच्या जागी पाळणा आला. शब्द गोड आहे, पण जुन्या माणसांच्या कानाला तो गोड लागत नसे. त्याचे कारण आहे. आपल्याकडे मुलांसाठी पहिली 'गृहे' निघाली ती फसवल्या गेलेल्या विधवांच्या मुलांसाठी. जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ साली तसेच गृह काढले आणि त्याला फार मोठे काम करावे लागले. ही थोर कामे होती, पण त्यामुळे घराबाहेरचा पाळणा म्हणजे ज्याला कोणी नाही त्याचा पाळणा, अशी समजूत लोकांच्या मनात बसली असावी. माझी आई पारोळा तालुक्यातली. आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. १९७९ साली मी तिला पाळणाघर हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "पायनाघर? आपलं पोर काय उघड्यावर पडलं का?" त्यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शब्द नव्हता याचा अर्थ गरज नव्हती असा नाही. खानदेशात बाई कामाला जात नव्हती असे म्हणणारा माणूस कधी कापसाच्या वावरात गेलेला नसावा. निंदणी, वेचणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणे हे सगळे बायांचेच काम. मूल बरोबर असायचे. बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी, आणि झोळीला झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. आपल्या जिल्ह्यातले सर्वांत जुने पाळणाघर म्हणजे ही झोळी, आणि सर्वांत जुनी कर्मचारी म्हणजे ती बहीण. तिची शाळा बुडाली याची कोणी नोंद ठेवली नाही.

बँकेत असताना तारण मालाची तपासणी करायला मला जिनिंग-प्रेसिंगमध्ये जावे लागे. गोडाऊनमधल्या गाठी मोजायच्या, रजिस्टरशी ताळा करायचा, सही घ्यायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. एका जिनात (नाव लिहीत नाही) सरकीच्या ढिगाच्या कडेला, सावलीत, गोणपाटावर तीन मुले झोपलेली पाहिली. अंगावर कापसाचा रवा. त्यातले एक दर दोन मिनिटांनी खोकायचे. मी मुकादमाला विचारले, यांच्यासाठी खोली नाही का? तो म्हणाला, "साहेब, बाया तीसच्या खाली आहेत." त्या दिवशी मला कळले की मुकादमाला कायदा माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

तो कायदा असा. कापड गिरण्या आल्या तेव्हा मुले गिरणीच्या दारापर्यंत आली. खानदेशात जळगावची खानदेश मिल एकोणिसाव्या शतकातली, त्यानंतर अमळनेरला प्रताप शेठजींची प्रताप मिल, धुळ्यालाही गिरणी. मुंबईच्या गिरण्यांत तर बायांची संख्या फार मोठी. तिथे कामावर जाताना मूल शांत पडून राहावे म्हणून अफूची 'बाळागोळी' देण्याची सर्रास पद्धत होती. १९२०च्या दशकात मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडून कामगार स्त्रियांची पाहणी करून घेतली, त्यात हे उघड झाले. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण ती आई निर्दय नव्हती. तिच्याकडे दोनच पर्याय होते, गोळी किंवा उपास.

त्यानंतर व्हिटले कमिशन आले, १९३४चा फॅक्टरी कायदा आला, आणि प्रांतिक सरकारांना गिरण्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ४८ आले. पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर हवेच. १९७६ साली पन्नासचे तीस झाले. चांगले झाले. पण मुकादमाने सांगितलेली मेख तिथेच आहे. तीस ही मर्यादा झाली की हजेरीपटावर एकोणतीस बाया राहतात. बाकीच्या असतात, पण हजेरीपटावर नसतात. जळगावच्या डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात कोणीही जाऊन पाहावे, हिशेब समजेल.

कायद्याचा आकडा आणि आपल्या गावचा आकडा यांचे कधी जुळलेच नाही, हे मला या सगळ्या इतिहासात वारंवार दिसते. अपवाद एकच, रोजगार हमीचा. २००५च्या केंद्राच्या कायद्यात असे होते की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच मुले असली तरी त्यातल्या एका बाईला मुले सांभाळायला नेमायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. पाच! हा आकडा ज्याने लिहिला त्याने कधीतरी झोळी पाहिली असणार.

शहाणपण दाखवले ते कायद्यापेक्षा दोन बायांनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करत होत्या, १९२६ साली तिथे नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे दादरला शिशुविहार, आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. १९५७ साली कोसबाडला गेल्या. तिथल्या आदिवासी पाड्यांवर त्यांच्या लक्षात आले की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे आहे. आता यावर आपले सरकार काय करते? मुलीच्या पालकांना नोटीस. या बायांनी काय केले, तर कडेवरच्या मुलालाही या म्हणाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. त्याला 'विकासवाडी' नाव दिले. अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून पुढे आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने तेहेतीस गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. पण त्यातून पाळणा गळला. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांची, आणि दुपारपर्यंतची. तीन वर्षांखालच्याला खाऊचे पाकीट घरी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाहेर असणाऱ्या आईला त्याचा उपयोग नाही.

याच सुमारास दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी १९६९ साली मोबाइल क्रेशेस सुरू केले. जिथे इमारत उठते तिथे पाळणाघर, इमारत झाली की पाळणाघर पुढच्या साइटवर. १९६९ हे वर्ष माझ्या लक्षात राहते ते दुसऱ्या कारणाने. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या दोन गोष्टींचा संबंध नाही असे तेव्हा कोणीही म्हणाले असते. मी म्हणतो आहे, कारण मी पुढचे पाहिले.

मी मू. जे. कॉलेजचा पदवीधर. १९७४ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो. आमच्या पहिल्या शाखेत बारा पुरुष आणि एक प्यून, तोही पुरुषच. पाच-सहा वर्षांत चित्र पालटले. शाखा वाढल्या, भरती परीक्षेने होऊ लागली, आणि काउंटरवर मुली दिसू लागल्या. विमा, टेलिफोन, पोस्ट, जिल्हा परिषदेच्या शाळा, सगळीकडे तेच. या मुलींची बदली होणार, लग्न होणार, मूल होणार, याचा विचार कुठल्याही कार्यालयाच्या आराखड्यात नव्हता. जेवायच्या खोलीसाठी टेबल मंजूर व्हायचे, पाळण्यासाठी नाही.

माझी बदली धुळ्याला झाली. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचा मोठा मुलगा १९७९चा. तेव्हा बाळंतपणाची रजा तीन महिन्यांची. नव्वद दिवस संपले तेव्हा बाळाला मान नीट धरता येत नव्हती. माझी आई गावी, शेती टाकून येऊ शकत नव्हती. सासूबाई आजारी. आम्ही राहायचो जुन्या धुळ्यात. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या त्या सरळ, नंबरांच्या गल्ल्या, त्यातल्या एकीत. समोरच्या घरात एक आजी एकट्या असत. अक्षरओळख नाही, बोली पक्की अहिराणी. आमची घालमेल त्यांनी खिडकीतून पाहिली असावी. एके सकाळी आल्या, बाळाला उचलले आणि सौ.ला म्हणाल्या, "तू जाय माय. पोऱ्यानी कायजी नको करू. मी शे ना."

अडीच वर्षे मुलगा त्यांच्याकडे. कपडे उन्हात वाळवलेले, गुटी उगाळलेली, दुपारी पाटावर घोटलेला मऊ भात. पैशाचा विषय काढला की त्या रागवायच्या. शेवटी मी बँकेतली युक्ती केली. पाच रुपयांत त्यांचे बचत खाते काढले, अंगठा घेतला, आणि दर पगाराला त्यात चाळीस रुपये भरत गेलो. पासबुक त्यांच्या हातात दिले तेव्हा त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवले. मुलगा आधी अहिराणी बोलायला लागला, मराठी नंतर. त्याच्या मावश्या हसायच्या, पण आम्हाला त्यात काही कमीपणा वाटला नाही. त्या गल्लीत अशी आणखी दोन घरे होती. कोणाच्याही दारावर पाटी नव्हती. आज आपण ज्याला 'घरगुती पाळणाघर' म्हणतो त्याची सुरुवात मी तरी अशीच पाहिली. पुण्या-मुंबईत काय होते ते तिकडच्यांनी लिहावे.

जळगावला परत आलो तेव्हा शहर बदलले होते. विद्यापीठ आले, जैन इरिगेशनसारखी कंपनी उभी राहिली, दवाखाने आणि कोचिंग क्लासेस वाढले. नोकरीसाठी बाहेरून आलेली जोडपी महाबळ, पिंप्राळा, रिंग रोड या बाजूंना राहू लागली. त्यांच्या घरात आजी नव्हती. आणि दुसरी मोठी गोष्ट म्हणजे अप-डाऊन. हा शब्द खानदेशाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. घर जळगावला, शाळा पाचोरा, चाळीसगाव, धरणगाव, भुसावळच्या पलीकडे. सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. २००० साली शिक्षण सेवक योजना आली आणि प्राथमिकच्या तरुण मुलींना तीन हजार रुपये महिना मानधनावर नेमणुका मिळू लागल्या. तीन हजारात पास, रिक्षा आणि मूल सांभाळणारी बाई. गणित करून पाहा. बाई ठेवली तर हातात काही उरत नाही, नाही ठेवली तर नोकरी उरत नाही.

आपल्या तळमजल्यावरचे पाळणाघर निघाले ते याच गणितातून. वहिनींचे नाव मी लिहीत नाही. त्यांनीच सांगितले आहे की लिहू नका. माझ्या त्या वहिनी, आयांच्या काकू, आणि मुलांच्या आजी. मिस्टरांची खासगी नोकरी गेली, मुलगा बारावीला. २००२च्या जून महिन्यात बी-विंगमधल्या एका शिक्षण सेविकेने त्यांना विचारले, "काकू, शाळा सुरू होतेय, महिनाभर बाळाला बघाल का?" महिन्याचे वर्ष झाले. दिवाळीपर्यंत चार मुले, पुढच्या उन्हाळ्यात आठ. पहिला दर तीनशे रुपये, दूध आणि डबा घरचा. पाटी नाही, पत्रक नाही. वहिनींची वही मात्र पहिल्या दिवसापासून. शाळेच्या शंभर पानी वहीत रेघा मारून नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय खाल्ले, शी किती वेळा. आम्ही बँकेत ऑडिटरसाठी जे लिहायचो त्यापेक्षा हे जास्त खरे असे मी त्यांना नेहमी सांगतो.

ज्यांनी आत जाऊन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी लिहितो. बाहेरची खोली पूर्ण रिकामी, सोफा त्यांनी विकून टाकला. खाली सतरंज्या, त्यावर गोधड्या, त्या सगळ्या जुन्या साड्यांच्या. छताच्या हुकांना दोन झोळ्या. लाकडी पाळणा एकच, तोही कोणाच्या तरी घरून आलेला. वहिनींचे म्हणणे, झोळीत मूल पाठीला धरले जाते, पाळण्यात दचकते. डॉक्टर लोक काय म्हणतात ते म्हणोत. गॅसच्या खोलीला अर्धे दार, वरून कडी. खेळणी कमी, डबे, झाकणे, वाट्या, लाकडी पोळपाट जास्त. "विकतचं खेळणं दोन दिवस, डबा दोन वर्षं," असे त्या म्हणतात. दुपारी वरणाचे पाणी, मऊ खिचडी, पिकलेले केळे. केळ्याला आपल्याकडे तोटा नाही. साडेबाराला जेवण, एकला गाणी, मग झोप. एकाच वेळी आठ मुलांना कसे झोपवतात हे मी खूपदा दारात उभे राहून पाहिले आहे. एकाच्या कपाळावर हात, एकाची झोळी पायाने हलतेय, आणि तोंडाने एकच संथ हूं-हूं. दहा मिनिटांत खोली गप्प.

आपला उन्हाळा मात्र सगळ्यांची परीक्षा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, आणि २००५-०६च्या सुमाराचे ते भारनियमन. कूलर बंद, पंखा बंद, आठ मुले घामाघूम. वहिनी खिडकीला ओले पंचे लावायच्या आणि ताम्हनात पाणी घेऊन मुलांचे हात-पाय त्यात बुडवून बसवायच्या. मुलांना तो खेळ वाटायचा. वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी त्या वेळी खाली येऊन हाताने पंखे हलवायच्या. त्यातल्या एकीचे मूल तिथे नव्हते, मूलच नव्हते. तिने कधी कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आता २००९ची वार्षिक सभा. स्मरणिकेत हे लिहावे की नाही यावर संपादक मंडळात चर्चा झाली असे कळते. माझे मत, लिहावे. इतिवृत्तात आहे ते लपवून काय उपयोग? चार सभासदांनी लेखी तक्रार दिली होती की रहिवासी जागेचा व्यापारी वापर होतो आहे, तो बंद करावा. मुद्दे असे: दुपारी गोंगाट, बाहेरच्यांची ये-जा, पाण्याचा जादा वापर, आणि डायपरमुळे ड्रेनेज तुंबले. चौथा मुद्दा खरा होता. प्लंबरने काय काढले ते सर्वांनी पाहिले होते. त्यानंतर वहिनींनी डायपर बंदच केले, कापडी लंगोट, आणि ज्या आईला ते चालत नाही तिने डायपर संध्याकाळी पिशवीत घरी न्यायचा. पाण्याचा मुद्दाही अगदी खोटा नव्हता, तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी. पण गोंगाटाचे काय? एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक सभासद उठले आणि म्हणाले, "दोन ते चार पोरं झोपलेली असतात. त्या वेळेला आवाज येतो तो आपल्या सिरियलचा." सभा हसली आणि निम्मे वातावरण तिथेच निवळले.

व्यापारी वापरावर मात्र खरी चर्चा झाली. मी त्या सभेत बोललो होतो, इतिवृत्तात दोन ओळी आहेत. माझे म्हणणे इतकेच होते की व्यापारी कोणाला म्हणायचे ते आधी ठरवा. याच इमारतीत शिकवण्या चालतात, पापड लाटून विकले जातात, एकाकडे शेअर्सचे काम चालते. त्यांना कोणी पत्र दिले नाही. पाळणाघराला दिले, कारण मुले दिसतात आणि ऐकू येतात. मतदान झाले. पाळणाघर चालू ठेवायच्या बाजूने बहुमत, अटींसह: मुले बारापेक्षा जास्त नकोत, फाटक बंद ठेवायचे, आणि पाण्यासाठी महिना दोनशे रुपये जादा. त्या दोनशेला माझा विरोध नोंदवला आहे, तो आजही कायम आहे. आपल्याकडे सात माणसांचे एक कुटुंब होते, त्यांना कोणी मुलांमागे पाणीपट्टी लावली नाही. वहिनींनी मात्र तो आकार एकही महिना न चुकवता भरला. खजिनदार साक्षीला आहेत.

२०१५ साली मुद्रा योजना आली. पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाच्या गटाचे नाव 'शिशु'. मी तोवर निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती, पण फॉर्म पाहून हात शिवशिवले. वहिनींना इन्व्हर्टर आणि छोटा फ्रिज हवा होता. आम्ही दोघे फॉर्म भरायला बसलो. व्यवसाय या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने 'गृहिणी' लिहिले. मी म्हटले, वहिनी, तेरा वर्षे तुम्ही सकाळी नऊपासून रात्री सातपर्यंत काम करता, लोकांच्या नोकऱ्या तुमच्यावर चालतात, आणि व्यवसाय गृहिणी? त्या म्हणाल्या, "मग काय लिहू? पाळणाघर लिहिलं तर ते म्हणतील दुकानाचं लायसन आणा." मी 'बालसंगोपन सेवा' लिहून दिले. कर्ज मिळाले, मुदतीआधी फेडले.

२०१७ साली मातृत्व लाभाचा सुधारित कायदा आला. रजा बाराऐवजी सव्वीस आठवडे, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा. मोठा कायदा आहे, नाकारत नाही. सव्वीस आठवडे झाल्यापासून वहिनींकडे येणारी मुले थोडी मोठी झालेली येतात, मान धरलेली. पण पन्नासचे काय? बँकेची एक शाखा म्हणजे आठ-दहा माणसे. पतसंस्था, दवाखाना, मेडिकल, वकिलाचे कार्यालय, खासगी शाळा, कुठे पन्नास आहेत? एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. रायगडच्या हिरकणीच्या नावाने, हे चांगलेच केले. दरवाजे बंद झाले म्हणून बाळासाठी कडा उतरलेली ती गवळण आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. तिच्या धाडसाचे कौतुक करताना एक साधा प्रश्न आपण विचारत नाही, की ती गडावर दूध घालत होती तेव्हा बाळाला बघायला कोणी का नव्हते.

मार्च २०२०. टाळेबंदी लागली आणि पाळणाघर अठरा वर्षांत पहिल्यांदा बंद झाले. त्या मे-जूनमध्ये जळगावची अवस्था काय होती ते आपण विसरलेलो नाही. बी-विंगमध्ये तेव्हा भाड्याने राहणारी एक परिचारिका होती. कोविड वॉर्डात ड्युटी, मिस्टर दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेले, मुलगी पावणेदोन वर्षांची. ड्युटी झाली की घरी येता येत नव्हते, वेगळे राहावे लागे. समितीने बाहेरच्यांना बंदी केली होती आणि काही सभासदांचे म्हणणे होते की त्या घराशी संपर्कच नको. भीती खरी होती, मी कोणाला दोष देत नाही. वहिनी तेव्हा पासष्टच्या पुढे, साखरेचा त्रास. त्यांनी कोणाला विचारले नाही. मुलीला आपल्याकडे आणले आणि दार लावून घेतले. एकवीस दिवस ती मुलगी त्यांच्याजवळ राहिली. आई रोज संध्याकाळी फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची, आणि वहिनी मुलीला खिडकीत धरायच्या. आपल्यापैकी पुष्कळांनी ते गॅलरीतून पाहिले आहे. त्या एकवीस दिवसांच्याही नोंदी वहीत आहेत, वेळेसकट.

वर्षभराने पाळणाघर उघडले तेव्हा आधीच्या आठ आयांपैकी तिघी परत आल्या नाहीत. बदली नव्हे, नोकरीच सोडली. एक लॅबमध्ये होती, दोघी खासगी शाळेत. मूल ठेवायला जागा नाही म्हणून घरी बसल्या त्या बसल्याच. त्यातली एक परवा भेटली. म्हणाली, काका, आता मुलगा दुसरीत आहे, पण मला कोण घेणार?

आज पाळणाघरात सात मुले आहेत. वहिनी एकाहत्तरच्या झाल्या, गुडघे दुखतात, खाली बसले की उठवत नाही. मदतीला पिंप्राळ्याहून एक मुलगी येते. तिला काम आवडते आणि येते. पण तळमजल्यावरचा फ्लॅट वहिनींचा मुलगा विकणार आहे, तो नाशिकला स्थायिक झाला आणि आईला तिकडे नेणार. त्याचेही बरोबर आहे. प्रश्न आहे सात मुलांचा आणि त्या मदतनीस मुलीचा. आपल्या तळमजल्यावर सोसायटीचे कार्यालय आणि त्याला लागून बंद पडलेली जिमची खोली आहे. जिमच्या सायकलवर आता कपडे वाळतात. त्या खोलीसाठी दोन अर्ज सचिवांकडे आले आहेत. एक पार्सल कुरियरवाल्यांचा, भाडे चांगले देतात. दुसरा त्या मुलीचा, पाळणाघरासाठी, आणि त्यावर सूचक म्हणून सही आहे सी-विंगमध्ये लग्न होऊन आलेल्या सूनबाईंची. ती सही ओळखीची वाटली म्हणून मी वहिनींच्या पहिल्या वहीत शोधले. जुलै २००२, तिसरे नाव, वय दहा महिने, 'केळे अर्धे, झोप दीड तास'. तिचे मूल येत्या मार्चमध्ये सहा महिन्यांचे होईल, तेव्हा तिची रजा संपते. दोन्ही अर्ज सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर अकराव्या क्रमांकाला आहेत. अकरावा विषय येईपर्यंत निम्मे सभासद उठून जातात, हा आपला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून तो वर घ्यावा अशी विनंती मी लेखी दिली आहे.